श्वासातल्या ऑक्सिजनचं पाणी होतं

गोव्यात अकरावीच्या मुलांमध्ये एक टिपण फिरतंय: 'पेशीत ऑक्सिजन ग्लुकोज जाळतो आणि त्याचाच कार्बन डायऑक्साइड होतो. श्वसनाच्या प्रत्येक टप्प्याला ऑक्सिजन लागतो. हवा मिळत नाही म्हणूनच काजूच्या रसाची दारू होते.' यातलं एकही वाक्य टिकत नाही.

आधी कार्बन डायऑक्साइड. एका ग्लुकोजमागे त्याचे ६ रेणू सुटतात: २ पायरुवेटचं (ग्लुकोज तुटून झालेल्या रेणूचं) ॲसिटिल को-ए होताना, ४ त्यानंतरच्या क्रेब्ज चक्रात (ॲसिटिल को-ए मोडणाऱ्या अभिक्रियांच्या फेऱ्यात). या अभिक्रियांत ऑक्सिजन वायू भागच घेत नाही. कार्बनला चिकटलेला ऑक्सिजन ग्लुकोजमधला आणि पाण्यातला असतो. श्वासातला ऑक्सिजन कामाला येतो तो मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या) आतल्या पटलावर, इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे देणाऱ्या इलेक्ट्रॉन वहन साखळीच्या अगदी टोकाला. तिथल्या चौथ्या संकुलात (प्रथिनांच्या गटात) ऑक्सिजनचा एक रेणू ४ इलेक्ट्रॉन आणि ४ प्रोटॉन घेतो, पाण्याचे २ रेणू होतात. सायनाइड नेमकं हेच संकुल अडवतं. रक्तात ऑक्सिजन भरपूर असूनही पेशी त्याविना मरते.

'प्रत्येक टप्प्याला' हेही खोटं. ग्लायकोलिसिस, म्हणजे ग्लुकोज तोडून पायरुवेट करण्याचा पहिला टप्पा, पेशीद्रवात होतं, ऑक्सिजन असो वा नसो, निव्वळ २ एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) देतं. माणसाच्या पक्व तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतात, त्यामुळे शरीरभर ऑक्सिजन पोचवणारी ही पेशी स्वतःच्या ऊर्जेसाठी त्यातला कणही खर्च करत नाही! मग ऑक्सिजन तोडल्यावर क्रेब्ज चक्र का थांबतं? साखळी तुंबते, तिला इलेक्ट्रॉन आणून देणारं एनएडीएच रिकामं होत नाही आणि चक्राला लागणारं एनएडी, म्हणजे त्याचंच रिकामं रूप, संपतं. थेट वापर नाही, पण अवलंबून आहे. उत्तरपत्रिकेत हा फरक लिहायलाच हवा.

राहिला काजूचा रस. सॅकरोमायसिस जातीच्या यीस्टला इतकी साखर मिळाली की हवा असतानाही ते अल्कोहोलच करतं. याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. उलट सुरुवातीला थोडी हवा हवीच, कारण पेशीपटलातलं अर्गोस्टेरॉल (एक मेदी घटक) ऑक्सिजनशिवाय बनत नाही आणि ते कमी पडलं तर यीस्टची वाढ रखडते. हवा नडते ती नंतर. ॲसिटिक आम्ल करणारे जीवाणू ऑक्सिजन वापरून तयार अल्कोहोलचं व्हिनेगर करतात. फेस बसल्यावर पिंप उघडं पडून राहिलं की रस आंबट होतो आणि भट्टीवर उर्राकाचा (काजूच्या रसाच्या पहिल्या धारेच्या दारूचा) उतारा घटतो.