आराखडा कोणी करायचा? एका वाचकाच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. गावागावांच्या हाती विकास आराखडे दिले तर गोदावरीची वाट लागेल, नाशिक महानगर प्राधिकरणालाच (शहराभोवतालच्या परिसराचं नियोजन करणाऱ्या सरकारी संस्थेलाच) सगळे अधिकार हवेत, असं तुमचं म्हणणं. ग्रामपंचायतीच्या दाखल्यांवर गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या प्लॉटांचं उदाहरणही तुम्ही दिलंत.

नदीबाबत मी तुमच्याच बाजूचा आहे. गंगापूर धरणातून पाणी सुटलं की आपण शहरातले लोक गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघतो. खाली निफाड तालुक्यात चांदोरी-सायखेड्याला तेच पाणी घरात शिरतं. नाशकात नदीकाठी काय बांधायचं हे ठरताना सायखेडकरांना कोणी विचारत नाही. पूररेषा, सांडपाणी, रिंगरोड हे विषय एकेका गावाने ठरवायचे नाहीतच.

पण मग ठरवणार कोण? ७४व्या घटनादुरुस्तीने दहा लाखांवरच्या महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती सांगितली आहे. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवकांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडायचे असतात. नाशिक शहराचीच लोकसंख्या २०११ साली १४.८६ लाख होती. प्राधिकरण मात्र २०१६च्या राज्य कायद्यावर उभं आहे आणि त्याचा रोजचा कारभार महानगर आयुक्त पाहतात. त्यात मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं शहरातही प्रशासकच होता. विभागीय नियोजन, म्हणजे सगळ्या परिसराचं एकत्र नियोजन, मलाही हवंय, पण ते निवडून आलेल्या माणसांनी केलेलं.

प्लॉटांचं म्हणाल, तर ते दाखले चुकीचेच होते. पण गावठाणाबाहेरची बिनशेती परवानगी तेव्हा महसूल खात्याची होती आणि खरेदीखत नोंदवणारं कार्यालयही सरकारचंच. सगळा दोष एकट्या सरपंचावर का?

आणि वरून न दिसणाऱ्या गोष्टी फार असतात. गिरणारे-गंगापूर पट्ट्यात फिरून बघा. पावसाळ्यापुरता वाहणारा ओहोळ सातबाऱ्यावर फक्त पोटखराबा (लागवडीला निरुपयोगी जमीन) म्हणून उरलेला असतो. प्लॉटिंगवाला मुरूम टाकून तो बुजवतो आणि पहिल्या जोरदार पावसात पाणी शेजारच्या द्राक्षबागेत तुंबतं. ते पाणी पूर्वी कुठून कुठे जायचं, हे गावातला कुठलाही म्हातारा बांधावर उभा राहून दाखवतो. आराखडा करणाऱ्याने त्याला विचारलेलं नसतं.

म्हणून माझी मागणी एवढीच. नदी आणि मोठे रस्ते यांचं विभागीय पातळीवर ठरावं. गावातली शाळा, स्मशानभूमी, खेळाचं मैदान, ओढे-नाले आणि शेतीचा पट्टा कुठे राहील, हे ग्रामसभेने ठरवावं. प्रारूप नकाशा हरकतींसाठी प्रसिद्ध करण्याआधी गटनंबरानिशी ग्रामसभेत वाचून दाखवावा. ग्रामसभेचं म्हणणं फेटाळायचं असेल तर प्राधिकरणाने कारण लेखी द्यावं, आणि मंजुरीच्या वेळी मंत्रालयात एखाद्या जागेचं आरक्षण बदललं तर त्याचंही.