पाणी घालून गाईचे दूध आईचे होत नाही

डब्यातील बाळाच्या दुधाच्या पावडरीमध्ये ‘निकृष्ट प्रथिन’ असते, ते तान्ह्या बाळाला पचत नाही, त्याऐवजी देवणी गाईचे किंवा शेळीचे दूध निम्मे पाणी घालून पाजावे, असा संदेश सध्या लातूर-उदगीरकडे व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. तो माझ्या भाचीच्या सासूबाईंपर्यंत पोहोचला आणि अंगावरचे दूध पुरत नाही म्हणून बालरोगतज्ज्ञांनी लिहून दिलेला डबा बंद झाला, तेव्हा हे लिहिणे भाग पडले. पहिले सहा महिने आईचेच दूध द्यावे याबद्दल वाद नाही. प्रश्न ते न पुरणाऱ्या बाळाचा आहे.

सर्वांत घातक सल्ला पाणी घालण्याचा. १०० मिलिलिटर गाईच्या दुधात सुमारे ३.२ ग्रॅम प्रथिने असतात, आईच्या दुधात जेमतेम १ ग्रॅम. निम्मे पाणी घातल्यावर ती १.६ ग्रॅमवर येतात खरी, पण उष्मांकही साधारण ६५ वरून ३३ वर येतात आणि पोट भरण्यासाठी बाळाला दुप्पट प्यावे लागते. म्हणजे दर १०० उष्मांकांमागे सुमारे ५ ग्रॅम प्रथिने हा हिशेब जिथल्या तिथेच राहतो. दुप्पट पिणे जमले नाही, तर बाळ उपाशी राहते. पाणी न घालता पाजले, तर प्रथिनांपासून तयार होणारा युरिया आणि दुधातील क्षार बाहेर टाकण्यासाठी कोवळ्या मूत्रपिंडांना जादा पाणी लागते. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार असताना ते कोठून आणायचे?

‘जास्त प्रथिने, गुटगुटीत बाळ’ हे वाक्यही संदेशात आहे. युरोपातील पाच देशांत हजाराहून अधिक बाळांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जादा प्रथिनांची पावडर घेणारी बाळे दोन वर्षांची होताना उंचीच्या मानाने अधिक वजनदार आढळली, आणि संशोधकांनी त्याकडे पुढील लठ्ठपणाचा धोका म्हणूनच पाहिले. त्यातील सर्वाधिक प्रमाण दर १०० उष्मांकांमागे ४.४ ग्रॅम होते, म्हणजे गाईच्या दुधापेक्षा कमीच.

आता ‘निकृष्ट’पणा. आईच्या दुधात निवळीतील (दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातील) प्रथिने आणि केसीन हे दुसरे प्रथिन यांचे प्रमाण साधारण ६०:४० असते, गाईच्या दुधात २०:८०, आणि केसीन जठरातील आम्लात पनीरसारखे घट्ट साकळते. म्हणूनच लहान बाळांच्या बऱ्याच पावडरींमध्ये निवळीची प्रथिने वाढवतात. जे पचायला जड, तेच संदेशकर्त्याने हलके ठरवले आहे. देवणीच्या ‘ए-टू’ दुधाचे बीटा-केसीन (केसीनचाच एक प्रकार) ‘ए-वन’ दुधातल्यापेक्षा एका अमिनो आम्लाने वेगळे असते, एवढे मान्य, त्याने ना केसीनचे प्रमाण घटते, ना दुधात मुळातच कमी असलेले लोह वाढते. शेळीच्या दुधात फोलेट हे ब-जीवनसत्त्व फारच कमी असते आणि त्यातील प्रथिने गाईच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात, की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक बाळांना तेही चालत नाही. पावडर पिणाऱ्या बाळाची हिरवट शी म्हणजे अपचन नव्हे. शीत रक्त दिसले, तर मात्र डॉक्टर गाठावा.

राहिले ‘कंपन्यांचे कारस्थान’. कंपन्यांनी पावडरीचा नको तितका प्रचार केला, हे खरेच आहे. १९९२ च्या कायद्याने भारतात तिच्या जाहिरातींवर बंदी आली ती त्यामुळेच. मात्र ‘आईचे दूधच सर्वोत्तम’ हे जे रहस्य कंपन्या दडवतात असे संदेश म्हणतो, ते याच कायद्यानुसार प्रत्येक डब्यावर छापलेले असते.