दुरून बिबटे साजरे

ठाण्यात घोडबंदर रोडला घर घेतलंत? अभिनंदन! 'जंगल व्ह्यू'चे चौरस फुटामागे जादा पैसे मोजलेत, म्हणजे आता तुम्ही वन्यजीवप्रेमी झालात. पण प्रेम करायचं तर रीतसर करावं. म्हणून दोन शब्द, अनुभवाचे.

प्राणी निवडताना रूप नंतर बघा, आधी अंतर बघा. चित्ता एकदम झकास. १९५२ साली तो देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं, २०२२ मध्ये नामिबियाहून आठ आणले आणि ठेवले मध्य प्रदेशात, कुनोला. ठाण्यातल्या एका मॉलपर्यंत बिबट्या २०१९ मध्ये येऊन गेलाय. कुनोचा चित्ता काही येत नाही. तेव्हा निर्धास्त हळहळा. वाघही चालेल, मात्र ताडोबाचा. माळढोक घेऊ नका. देशात दीडशेच्या आत उरलेत हे खरं, पण डीपीला लावला तर लोक विचारतात, "हा शहामृग कुठला?"

अडचण होते ती बिबट्याची, कारण तो मागच्या भिंतीपलीकडे राहतो. संजय गांधी उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं. २०१५ च्या कॅमेरा-मोजणीत तिथे ३५ बिबटे निघाले. आमच्या एका कॉम्प्लेक्समध्ये पाचशे फ्लॅट आहेत. तरी बिबट्यांची संख्या फार वाढलीय, हे आमच्या ग्रुपवर सर्वानुमते ठरलेलं आहे.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी ग्रुपवर अकरा सेकंदांची सीसीटीव्हीची क्लिप पडली. रात्रीचे पावणेतीन. ओल्या कचऱ्याचे हिरवे डबे, त्यांच्यामागून एक बिबट्या सावकाश आला, एका स्कूटीची सीट हुंगली, शेपटीचं टोक वर वळवलं आणि निघून गेला. बी विंगच्या काकूंनी लगेच लिहिलं, "अगं बाई, कित्ती गोड! चालतोय बघा कसा, राजासारखा." खाली चौदा बदाम. मग कुणीतरी विचारलं, "काकू, ती स्कूटी तुमच्या सूनबाईंची ना?" दोन मिनिटं शांतता. मग काकूंचाच मेसेज : "सेक्रेटरीसाहेब, वनखात्याला ताबडतोब फोन लावा. आपण मेंटेनन्स कशाचा भरतो?"

तुम्हीही असाच फोन लावा. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला बसलेला आहे, मनात आलं की पिंजरा लावता येत नाही, असं पलीकडून सांगतील. सांगू देत. आपण एवढंच म्हणायचं, "पकडा आणि लांब सोडा." लांब म्हणजे कुणाच्या दारात, हे विचारायचं नसतं. जुन्नरकडे हे करून झालंय : उसातले बिबटे धरून दुसरीकडे नेऊन सोडले आणि जिथे सोडले तिथे माणसांवरचे हल्ले वाढले. एका बिबट्याला तर २००९ मध्ये कॉलर लावून माळशेज घाटात सोडला. 'आजोबा' म्हणायचे त्याला. आजोबा सव्वाशेएक किलोमीटर पायी चालत थेट आपल्या उद्यानात हजर! दोन वर्षांनी हमरस्त्यावर गाडीखाली गेले. पण असल्या गोष्टी ग्रुपवर टाकू नयेत, वातावरण बिघडतं.

फोन झाल्यावर रोजची कामं चालू ठेवा. उरलेला भात, चिकनची हाडं, सगळं गेटबाहेर मांडा. भटक्या कुत्र्यांचा दुवा लागतो. कुत्री गुटगुटीत झाली की बिबट्याला वास लागणारच, त्याच्या ताटात कुत्रं हा नेहमीचा पदार्थ आहे. पण हा संबंध जोडायची घाई करू नका. कचऱ्याचा विषय वेगळा, बिबट्याचा वेगळा. आमच्याकडे कमिट्याही वेगळ्या आहेत.

शनिवारी हवापालटाला उद्यानाच्या ठाण्याकडच्या जंगलात, येऊरला जा. भाच्याची हळद असेल तर उत्तमच. लॉनवर डीजे लावा, झाडांवर हॅलोजन मारा, आणि मध्यरात्री परतताना चुकून दोन डोळे चमकलेच तर गाडी थांबवून मोबाइलचा फ्लॅश चालू करा. तिथल्या पाड्यांवरच्या लोकांकडून मात्र काही शिकायला जाऊ नका. ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याच जंगलात राहतात, अंधार पडला की पोरं घरात घेतात, बिबट्याच्या वाटेला जात नाहीत आणि वाघोबाला नारळ फोडतात. एकाकडेही 'जंगल व्ह्यू'ची पावती नाही.

आमच्या सोसायटीने प्रश्न एका बैठकीत सोडवला. भिंत तीन फुटांनी वाढवायची, वर काचा लावायच्या, आणि आतल्या बाजूने, मुलांना निसर्गाची गोडी लागावी म्हणून, मोठा बिबट्या रंगवून घ्यायचा. परवा रंगारी आला. त्याने विचारलं, "साहेब, तोंड कुठल्या बाजूला करू?"

सेक्रेटरी भिंतीकडे बघत जरा विचारात पडले. मग म्हणाले, "तोंड नको. जाताना दाखव."