आवाज बंद होईपर्यंत टॅपेट आवळू नका

गेल्या रविवारी भाच्याच्या गाडीचं हेड, म्हणजे वाल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवलं. २०१० ची यामाहा आर-१५, सेकंडहँड घेतलेली, पण पोरगा तिला जिवापाड जपतो. हेड उलटं करून बाकावर ठेवलं आणि एक्झॉस्टच्या, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणाऱ्या, दोन वाल्व्हपैकी एकाची कड दिसली. उंदराने कुरतडलेल्या बिस्किटासारखी. नखाएवढा तुकडा गायब, आणि नेमकं त्याच जागी सीटवर, म्हणजे वाल्व्ह मिटल्यावर जिथे टेकतो त्या कड्यावर, काळा ओरखडा. गाडीत काय काय केलंस म्हणून विचारलं, तर त्याने मोबाइल पुढे केला. "मामा, ग्रुपवर आलं होतं."

तो मेसेज मलाही चार ठिकाणांहून आला होता आणि मी चारही वेळा न वाचता पुसला होता. आता वाचला. 'जुन्या स्पोर्ट्स बाइकच्या वाल्व्हसाठी घरगुती उपाय' असं वर लिहिलंय. सांगणं थोडक्यात असं: टकटक आवाज येतो म्हणजे टॅपेट (वाल्व्हची फट कमी-जास्त करणारे स्क्रू) ढिले, तर आवाज पूर्ण बंद होईपर्यंत आवळा. हे काम इंजिन गरम असतानाच करा. तरी आवाज राहिला तर जाड ऑइल भरा. पेट्रोलमध्ये लेड नसतं म्हणून वाल्व्ह झिजतात, तर टाकीत थोडं टूटी ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांचं) घाला. निळा धूर दिसला की पिस्टनच्या रिंगा गेल्या, हाफ इंजिन (ब्लॉक-पिस्टनचं काम) करा. आणि हेड उघडायची वेळ आलीच तर नवे वाल्व्ह घेऊ नका, जुनेच घासायची पेस्ट लावून सीटवर घासा.

पहिल्या मुद्द्यानेच भाच्याचा वाल्व्ह जाळला, म्हणून त्याच्याबद्दल सविस्तर बोलतो.

वाल्व्ह दाबून उघडणारा रॉकर आणि वाल्व्हचा दांडा यांच्यामध्ये थंड इंजिनात थोडी फट ठेवलेली असते. ती चूक म्हणून राहिलेली नसते, मुद्दाम ठेवतात. या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये माप छापलंय: इंजिन थंड असताना इनटेकला (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या वाल्व्हला) ०.१० ते ०.१४ मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.२० ते ०.२४. झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे इनटेकला एक कागद, एक्झॉस्टला दोन. एक्झॉस्टला दुप्पट का, तर तो वाल्व्ह जळक्या वायूच्या वाटेत उभा असतो, जास्त तापतो आणि त्याचा दांडा जास्त लांबतो. त्या लांबण्यासाठी जागा म्हणून ती फट.

ती फट मिटवली की आवाज जातो, हे खरं आहे. पण गाडी तापली की दांडा लांबतो, रॉकरला टेकतो आणि वाल्व्ह सीटवर पूर्ण बसतच नाही. केसाएवढी चीर राहते. दर स्फोटाला आगीची झोत तिच्यातून बाहेर पडते. शिवाय वाल्व्हची बहुतेक उष्णता निघून जाते ती सीटवर टेकलेल्या क्षणांमध्ये, सीटमधून हेडमध्ये. टेकणंच बंद झालं तर उष्णता जाणार कुठे? ही गाडी पूर्ण ताकद देते ८५०० आरपीएमला. तेव्हा प्रत्येक वाल्व्ह सेकंदाला सुमारे ७० वेळा उघडतो आणि मिटतो. इतक्या वेळा तो अर्धवट मिटत राहिला की कड आधी लाल होते, मग झिजते, मग तुटते.

भाच्याची गाडी टॅपेट आवळल्यावर एकदम शांत झाली आणि तो खूश झाला. महिनाभराने गरम गाडी बंद करून पुन्हा चालू करताना त्रास द्यायला लागली. मग आयडलिंग डळमळलं, सायलेन्सरमधून फटफट सुरू झाली आणि माळशेजच्या चढावर गाडी तिसऱ्या गिअरमध्येही ओढेना. त्याने प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

आणखी एक गोष्ट त्या मेसेजवाल्याला माहीतच नसावी. इंजिन जुनं होताना टॅपेट नेहमी ढिलेच होतात असं नाही. स्क्रूचं टोक, रॉकर किंवा रॉकरला ढकलणारा कॅम झिजला तर फट वाढते आणि आवाज येतो. पण वाल्व्हची कड आणि सीट झिजली तर वाल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि फट आपोआप कमी होते. तेव्हा काहीच आवाज येत नाही. म्हणून जुनी गाडी हळूहळू शांत होत चालली असेल तर ती मला जास्त काळजीची वाटते. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पाती) घालून मोजल्याशिवाय, नुसत्या कानाने, दोन्हीतलं काय झालंय ते सांगता येत नाही. आणि प्रत्येक टिकटिक टॅपेटचीच असते असंही नाही. या गाडीत इंजेक्टर वाजतो, टायमिंग चेनचा टेन्शनर थकला की खडखड वेगळीच येते. त्यांच्यासाठी टॅपेट आवळून काय होणार?

मेसेजवाल्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागेल. जुन्या पुशरॉडच्या (कॅम खाली, तिथून रॉकरपर्यंत जाणारे दांडे) बुलेटला टॅपेट खरंच फट न ठेवता लावतात: पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. बुलेटवर हात बसलेला कुणीतरी हे लिहून गेला असणार. पण त्या इंजिनाची रचनाच निराळी आहे. तो नियम उचलून ओव्हरहेड कॅमच्या (कॅम वर हेडमध्येच), ८५०० आरपीएमच्या इंजिनाला लावायचा? आणि टॅपेट खूप ढिले ठेवणंही वाईटच. रॉकर आपटत राहतो, कॅम आणि स्क्रूचं टोक मार खातं. तेवढी भीती मेसेजने बरोबर घातलीय, फक्त इलाज उलटा सांगितलाय.

'गरम असतानाच करा' हे तर कुठून आणलं? काही जुन्या कार-ट्रकच्या इंजिनांची मापं गरम इंजिनाची असायची, हे खरं. आपल्या गाड्यांचं माप थंडच. होंडाच्या मॅन्युअलमध्ये तर ३५ अंशांच्या खाली असा आकडाच दिलेला असतो. मुंबईत मे महिन्यात दुपारी गाडी उन्हात उभी असेल तर चालू न करताही ती त्याच्या वर जाते. रात्रभर सावलीत ठेवा आणि सकाळी चहाच्या आधी कव्हर उघडा. पिस्टन कंप्रेशनच्या टीडीसीला (सगळे वाल्व्ह मिटलेले असताना सर्वात वर) आणा, खुणा जुळवा. गेजची पात थोडी ओढ देत सरकली पाहिजे, सुळकन जाता कामा नये. लॉकनट आवळल्यावर माप पुन्हा घ्या, कारण नट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो.

जाड ऑइलने आवाज दबतो, दुखणं तिथेच राहतं. सकाळी चालू केल्यावर ते वर कॅमपर्यंत पोहोचायला उलट जास्त वेळ घेतं. पुस्तकात लिहिलेला ग्रेड घाला.

लेडची गोष्ट अर्धी खरी आहे. लेडचा थर जुन्या मऊ सीटना वाचवायचा. पण भारतात लेडवालं पेट्रोल २००० साली बंद झालं आणि ही गाडी आली २००८ मध्ये. ती जन्मल्यापासून बिनलेडच पितेय. टूटी ऑइलने प्लग काळा होईल आणि वाल्व्हवर कार्बन बसेल, बाकी काही नाही.

निळ्या धुराबाबत मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय. रात्रभर उभी गाडी चालू केल्यावर भसकन धूर येऊन थांबतो, किंवा उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा दिल्यावर येतो, तेव्हा पहिला संशय वाल्व्हच्या सीलवर आणि गाइडवर (वाल्व्हचा दांडा ज्या नळीत सरकतो ती) घ्या. जोर लावल्यावर सतत येत राहिला तर रिंगा. सील हे छोटंसं रबर आहे हो. त्यासाठी ब्लॉक-पिस्टन उघडून घेतलेली पोरं मी पाहिलीत.

राहिलं पेस्टने घासणं. कड शाबूत असेल, नुसता खरखरीतपणा असेल तर घासावं. नवा वाल्व्ह बसवतानाही हलक्या हाताने घासून सगळीकडे सारखा करडा पट्टा उमटतो का ते बघतात. पण तुकडा उडालेला किंवा खड्डे पडलेला वाल्व्ह घासून काय उरणार? आणि त्याआधी गाइड बघा. वाल्व्ह थोडा उचलून आडवा हलवा. खुळखुळला तर घासणं वाया, कारण तो प्रत्येक वेळी वेगळ्या जागी बसणार. गाइड बदलला की सीट पुन्हा कापावीच लागते, आणि ते हेडवर्कच्या मशीनवरच होतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुनं हेड आणायचा विचार भाच्याच्याही मनात होता. आणायला हरकत नाही, पण त्यातले वाल्व्ह तसेच चढवू नका. पोर्टमध्ये पेट्रोल ओता आणि थोडा वेळ थांबा. वाल्व्हच्या कडेने ओल आली तर सीट गळतेय.

भाच्याच्या गाडीला दोन्ही एक्झॉस्ट वाल्व्ह, गाइड आणि चारही सील नवे घातले, सीट कापून घेतली. पेस्टचा कण राहू नये म्हणून हेड दोनदा धुतलं. काल सकाळी सहाला टॅपेट लावले, इनटेक ०.१२, एक्झॉस्ट ०.२२. गाडी शिलाई मशीनसारखी टिकटिक करतेय. ताईने खिडकीतून विचारलं, "अजून आवाज येतोय का रे?" भाचाच म्हणाला, "यायलाच पाहिजे." नवी सीट बसताना फट थोडी कमी होते, म्हणून १००० किलोमीटरनंतर पुन्हा कव्हर उघडायचंय. तोवर घाट नाही, असं त्याला बजावलंय.