नाव लपवून वाय-फाय सुरक्षित होत नाही

छोट्या कारखानदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो तीन मालकांनी पाठवला, "आपल्याकडे हे करून टाका" म्हणून. त्यात चार उपाय आहेत: ऑफिसच्या वाय-फायचं नाव लपवा, राउटरवर फक्त आपल्या लॅपटॉपचे मॅक अ‍ॅड्रेस (म्हणजे प्रत्येक यंत्राच्या वाय-फायचा ओळख क्रमांक) नोंदवा, पासवर्ड दर महिन्याला बदला, आणि कंपनीच्या लॅपटॉपवर बाहेरचं वाय-फाय साफ बंद करा. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या ऑफिसांचे लॅपटॉप सांभाळणं हे माझं रोजचं काम. हे चार उपाय केले की लोक निर्धास्त होतात आणि जे करायला हवं ते राहून जातं, म्हणून लिहितोय.

नाव लपवण्यापासून सुरू करतो, कारण यात फायदा नाहीच, उलट नुकसान आहे. राउटरने नाव सांगायचं थांबवलं की त्याला शोधायचं काम लॅपटॉपवर येतं. नेटवर्क दिसत नसलं तरी जोडायचा प्रयत्न कर, अशी खूण विंडोजमध्ये करावी लागते. ती केली की लॅपटॉप जिथे उघडाल तिथे त्या नावाने हाका मारत सुटतो: शिवाजीनगरच्या फलाटावर, लॉजवर, गिऱ्हाइकाच्या रिसेप्शनमध्ये. शेजारी बसलेला माणूस त्याच नावाचं खोटं नेटवर्क उभं करू शकतो. त्याला पासवर्ड माहीत नसतो, पण लॅपटॉपने दिलेलं पहिलं उत्तर टिपून घेतलं की घरी बसून तो पासवर्डचे लाखो अंदाज त्यावर ताडून बघू शकतो. लपवलेलं नाव आपणच गावभर पोचवलेलं असतं.

मॅक अ‍ॅड्रेसचं थोडक्यात सांगतो. वाय-फायच्या सुरक्षेची पद्धत डब्ल्यूपीए-२ असो की डब्ल्यूपीए-३, कुलूप लागतं ते पाकिटातल्या मजकुराला, पाकिटावरच्या पत्त्याला नाही. तो पत्ता हवेतून उघडा जातो, आणि ज्याला तो दिसला त्याला स्वतःच्या मशीनवर तो लावायला मिनिटभर पुरतं. अडकतात ती आपलीच माणसं. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन मुळातच बनावट मॅक अ‍ॅड्रेस दाखवतात, त्यामुळे मालकांचाच नवा फोन जोडला जात नाही आणि फोन मला येतो.

आता पासवर्ड. दर महिन्याला बदलणारा पासवर्ड कुणाच्या लक्षात राहत नाही, तो फळ्यावर जातो. एका ऑफिसात मी तो पाण्याच्या कूलरशेजारच्या फळ्यावर पाहिला: कंपनीचं नाव, पुढे महिना, पुढे साल. नोकरी सोडून गेलेल्याला जानेवारीचा ठाऊक असेल तर जूनचा वेगळा सांगावा लागत नाही. शिवाय लॅपटॉपवर अ‍ॅडमिनचे अधिकार असले की साठवलेला पासवर्ड एका कमांडने जसाच्या तसा वाचता येतो.

यावर उपाय आहे ८०२.१एक्स, म्हणजे प्रत्येकाला वेगळं ओळखून नेटवर्कवर घेण्याची पद्धत. सगळ्यांना मिळून एक पासवर्ड द्यायचाच नाही. प्रत्येक लॅपटॉपला त्याचं स्वतःचं सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, द्यायचं. माणूस गेला की त्याचं सर्टिफिकेट रद्द, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. विंडोज सर्व्हर असेल तर त्यातच ही सोय आहे, नसेल तर जुन्या डेस्कटॉपवर हेच काम करणारं फ्री-रेडियस हे सॉफ्टवेअर फुकट चालतं. फक्त लॅपटॉपवर 'सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासा' ही खूण कधीही काढू नका, समोरचं नेटवर्क खरं की खोटं हे लॅपटॉपला त्यावरूनच कळतं. इतकं जमत नसेल तर एक लांबलचक पासवर्ड ठेवा, कुणी सोडून गेलं की त्याच दिवशी बदला, आणि पाहुण्यांना वेगळं नेटवर्क द्या.

सर्टिफिकेटमुळे कोण कधी जोडलं गेलं हेही कळतं. २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळचा मेल सानपाड्यातल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून गेला होता, आणि पोलीस आधी त्या घराच्या दारात गेले. २०२२ पासून सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या आदेशानुसार लॉग, म्हणजे अशा वापराच्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे आहेत. त्या लॉगमध्ये नुसते मॅक अ‍ॅड्रेस असतील तर त्यावरून कुणाला ओळखणार?

चौथ्या उपायात, म्हणजे बाहेरचं वाय-फाय बंद करण्यात, थोडं तथ्य आहे. अकाउंट्सच्या टेबलावरून कधी न हलणारा लॅपटॉप फक्त ऑफिसच्या नेटवर्कला बांधून ठेवा. विंडोजच्या ग्रुप पॉलिसीत, म्हणजे सगळ्या लॅपटॉपना एका जागेवरून नियम लावायच्या व्यवस्थेत, ती सोय आहे. पण त्याने माहिती बाहेर जायची थांबते हे चूक. फोन यूएसबी केबलने जोडून त्याचं इंटरनेट घेतलं की विंडोजला ते केबलचं नेटवर्क वाटतं, वाय-फायचा नियम त्याला लागूच होत नाही.

आणि फिरतीवरच्या माणसाचं काय? एका कंपनीने माझं न ऐकता हा नियम सर्व लॅपटॉपना लावला. त्यांचा सर्व्हिस इंजिनिअर ऐन गाळप हंगामात कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यात होता. लॅपटॉप हॉटस्पॉट घेईना, म्हणून त्याने ड्रॉइंग स्वतःच्या फोनवर मागवलं आणि चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन छापून घेतलं. विचारलं तर म्हणाला, "सर, तिकडे गाळप थांबलं होतं, मी काय करणार?" ते ड्रॉइंग त्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर तसंच राहिलं.

आता त्याचा लॅपटॉप कुठलंही वाय-फाय घेतो. नेटवर्क मिळालं की व्हीपीएन, म्हणजे ऑफिसपर्यंतचा कुलूपबंद मार्ग, आपोआप सुरू होतं, ते तुटलं तर बाकी काही चालत नाही, डिस्कला बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप आहे, आणि ऑफिसात केबल लावली की वाय-फाय आपलं आपण बंद होतं.