‘बघूनच घेतलीत ना’ म्हणे!

आज मेकॅनिकनं आतेभावानं डीलरकडून घेतलेल्या जुन्या गाडीची मॅट उचलली आणि खाली वाळलेला गाळ! सीटच्या पट्ट्यांना गंज. बेल्ट पूर्ण ओढला तर आतल्या वीतभर भागावर मातकट डाग. गाडी पाण्यात बुडालेली होती. विकताना काय सांगितलं? "डॉक्टरांची गाडी आहे, घर ते दवाखाना, एवढीच फिरलीय."

डीलरला फोन केला. "जुन्या गाडीला गॅरंटी नसते साहेब, बघूनच घेतलीत ना." अरे, सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलेल्या माणसानं मॅटखाली काय बघायचं? आणि रोज गाड्या घेणाऱ्या-विकणाऱ्या तुला तो गाळ दिसला नाही?

१ एप्रिल २०२३ पासून केंद्राचे नियम आहेत. जुन्या गाड्यांच्या डीलरनं आरटीओकडून अधिकृतता घ्यायची, गाडी ताब्यात आली की पोर्टलवर कळवायचं. चांगलंच आहे. पण ती सगळी उठाठेव मालकी कुणाची यासाठी. गाडी बुडाली होती का, ठोकली होती का, मीटर मागं फिरवलाय का, हे सही करून लिहून द्यायची सक्ती कुठंय? ती हवी. एक कागद, डीलरच्या सहीचा. खोटं निघालं तर पैसे परत.

सगळे डीलर लबाड नसतात, मान्य. भावानं आधीच मेकॅनिक न्यायला हवा होता, तेही मान्य. म्हणून फसवणाऱ्याला माफी?

आत्याचं फार वाईट वाटतं. गुडघ्यांमुळं तिला एसटीची पायरी चढवत नाही, म्हणून तर गाडी घेतली. हार घालून पहिल्यांदा रूपाभवानीला नेली तेव्हा पुढच्या सीटवर किती खूश होती. आता तीच म्हणते, "जाऊ दे रे, भांडू नका."

नाही जाऊ देणार. कुणी घरची गाडी विकली असती तर ग्राहक आयोगाची वाट बंद होती. पण हा दुकान थाटून बसलाय. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा त्याला लागू आहे. २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही. "जशी आहे तशी" असं पावतीवर छापलं म्हणून खोटं बोलायचा परवाना मिळत नाही.

मेकॅनिककडून लेखी घेतलंय, गाळाचे फोटो आहेत, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आहे. सोमवारी नोटीस जाईल. आपल्या सोलापूरच्या जिल्हा आयोगात जुन्या गाडीसाठी कुणी लढलं असेल तर इनबॉक्समध्ये या, कागद कसे लावलेत ते सांगा.