‘बॅटरीतलं विष’ पोटात? लिथियमवर फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

बायपोलर आजारात (उन्माद, म्हणजे बेभान अतिउत्साह, आणि नैराश्य यांचे झटके येणारा मनाचा आजार) दिल्या जाणाऱ्या लिथियमबद्दल एक मजकूर व्हॉट्सॲपवर थोड्याफार फरकाने फिरत असतो. त्याचा आशय असा: बॅटरीतला धातू माणसाला खाऊ घालतात, त्याने किडनी जाते आणि एकदा लागलेली गोळी सुटत नाही. म्हणून बरं वाटू लागलं की ती बंद करा, तोवर मीठ बंद करून शरीर ‘शुद्ध’ करा, आणि रुग्ण ऐकत नसेल तर गोळी कुटून भाजीत घाला. यातलं एकच विधान अर्धं खरं आहे. सल्ले मात्र असे आहेत की ते पाळले तर लिथियमची विषबाधा तरी होईल किंवा आजार तरी उलटेल.

बॅटरीचं आधी निकालात काढू. गोळीत असतं लिथियम कार्बोनेट, म्हणजे क्षार. सोडियम हा धातू पाण्यात टाकला की पेट घेतो, पण क्लोरिनशी जोडलेला तोच सोडियम आपण मीठ म्हणून आमटीत घालतो. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी 1949 मध्ये उन्मादाच्या रुग्णांवर लिथियमचा गुण नोंदवला, अमेरिकेत 1970 मध्ये त्याला मान्यता मिळाली, आणि आजही बायपोलरमध्ये ते पहिल्या पसंतीच्या औषधांत आहे.

किडनीचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. लिथियमने लघवी घट्ट करण्याची किडनीची क्षमता कमी होते, त्यामुळे तहान लागते आणि लघवीला वारंवार जावं लागतं. बरीच वर्षं औषध घेतल्यावर काहींचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) चढतं. थायरॉइड मंदावू शकतो, रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. म्हणूनच गोळी सुरू करण्यापूर्वी क्रिएटिनिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), कॅल्शियम आणि वजन बघतात, गरजेप्रमाणे ईसीजी आणि गर्भधारणेची चाचणी करतात, आणि पुढे दर सहा महिन्यांनी या रक्ततपासण्या पुन्हा करतात. टीएसएच वाढला तर बहुतेक वेळा थायरॉक्सिनची गोळी जोडून लिथियम चालू ठेवता येतं. किडनीला खरा धोका रक्तातली लिथियमची पातळी पुन्हा पुन्हा विषारी टप्प्यात जाण्याचा, म्हणजे तपासणी न करता औषध घेण्याचा.

ही पातळी, दवाखान्याच्या भाषेत ‘लेव्हल’, आजार आटोक्यात ठेवण्यासाठी साधारण 0.6 ते 0.8 मिलिमोल प्रति लिटर लागते. उन्माद भरात असताना ती थोडी वर ठेवतात. 1.5 च्या पुढे विषबाधेची लक्षणं दिसू लागतात, 2 च्या वर प्रकरण गंभीर. वयस्कर माणसाला याहून कमी आकड्यावरही त्रास होतो. डोस बदलला की पाच ते सात दिवसांनी लेव्हल करायची, पातळी स्थिरावली की पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी.

इथे सॅम्पलची वेळ चुकली की सगळंच चुकतं. शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी रक्त घ्यायचं असतं. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला सॅम्पल, आणि सकाळचा डोस असेल तर तो सॅम्पलनंतर. सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा खोटा चढतो आणि डॉक्टर उगाच डोस कमी करतात. दुसरी चूक लॅबकडून होते: हिरव्या टोपणाच्या काही ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं लिथियम हेपारिन असतं, त्यात रक्त घेतलं तर ट्यूबमधलंच लिथियम मोजलं जातं. लाल टोपणाची साधी ट्यूब हवी. रुग्ण ठणठणीत आणि रिपोर्ट भयंकर असं झालं तर आधी ट्यूब आणि वेळ विचारायची, आणि सॅम्पल लगेच पुन्हा घ्यायचं.

मीठ बंद करण्याचा सल्ला या मजकुरात सर्वांत घातक. किडनी सोडियम आणि लिथियम जवळपास एकाच वाटेने परत शोषते. शरीरात सोडियम किंवा पाणी कमी पडलं की ती दोन्ही धरून ठेवते आणि लेव्हल चढते. अमेरिकेत 1949 मध्ये हृदयरोगाच्या, मीठ बंद केलेल्या रुग्णांना मिठाला पर्याय म्हणून लिथियम क्लोराइड विकलं गेलं. कुणी काही मोजत नव्हतं, आणि माणसं दगावली. म्हणून पथ्य एवढंच: मीठ रोजच्याइतकं, कमीही नाही आणि एकदम जास्तही नाही. पाणी दिवसाला दोन ते तीन लिटर, हृदय किंवा किडनीसाठी वेगळं सांगितलं नसेल तर. साबुदाण्याच्या खिचडीच्या उपासाने बिघडत नाही, कारण मीठ-पाणी चालू असतं. निर्जळी एकादशी, रोजा, विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात दिवसभराचं काम, यांबद्दल आधी डॉक्टरांशी बोलायचं. जुलाब-उलट्या लागल्या तर पुढचा डोस थांबवायचा, ओआरएस सुरू करायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून लेव्हल व क्रिएटिनिन करायचं.

मिठाइतकाच दगा दुखण्यावरच्या गोळ्या देतात, आणि त्यांचा या मजकुरात उल्लेखही नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन यांनी लेव्हल वाढते. नुसतं पॅरासिटामॉल चालतं, पण अनेक गोळ्यांत त्याच्या जोडीला आयब्युप्रोफेन असतं, तेव्हा स्ट्रिप वाचा. रक्तदाबाच्या टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल आणि हायड्रोक्लोरोथायझाइड यांचंही तेच. फिजिशियनने यातली गोळी लिहिली तर लिथियम चालू असल्याचं तिथेच सांगायचं.

सवयीबद्दल थोडक्यात. लिथियमची तलफ येत नाही, त्याच गुणासाठी डोस वाढवत न्यावा लागत नाही. सवय लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्यांची, आणि घराघरांत त्या बिनदिक्कत मागून घेतल्या जातात, हा विरोधाभास बोलका आहे. लिथियम बरीच वर्षं घ्यावं लागतं कारण आजारच परत येणारा आहे. ते एकदम सोडलं तर उन्माद उलटण्याचा आणि आत्महत्येचा धोका वाढतो. थांबवायचंच ठरलं तर किमान चार आठवडे, शक्यतो तीन महिने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू. आणि एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत.

आता कुटून भाजीत घालणं. 400 किंवा 450 मिलिग्रॅमच्या एसआर गोळ्या औषध सावकाश सोडण्यासाठी बनवलेल्या असतात, कुटल्या की सगळं एकदम सुटतं. ताटात अर्धी भाजी उरली तर डोस किती गेला हे कुणालाच कळत नाही. ज्याला आपण लिथियम घेतोय हेच माहीत नाही, तो डोकं दुखलं की आयब्युप्रोफेन घेणार, आणि बारा तासांनी रक्त द्यायला कशाला जाईल? कळलं की तो घरचं जेवणच सोडतो. नकाराचं कारण विचारलं तर बहुधा ठोस निघतं: हात कापतो, वजन वाढलं, मळमळतं. मळमळीला जेवणानंतरची वेळ, कापणाऱ्या हाताला डोसचा फेरविचार, दिवसातून दोनदाच्या जागी रात्री एकदाच गोळी, असे उपाय असतात. लिथियमचं इंजेक्शन नसतं, पण गोळीच नको असेल तर डॉक्टर दुसरं औषध निवडू शकतात, काही अँटिसायकोटिक (मनोविकारांवरची दुसऱ्या गटातली औषधं) महिन्यातून एकदा टोचता येतात. निर्णय घेण्याची क्षमताच त्या वेळी नसेल तर 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधीमार्फत दाखल करण्याची आणि आणीबाणीत 72 तासांपर्यंत उपचाराची तरतूद आहे. घरी काय करावं सुचत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे.

बोटांची बारीक थरथर नेहमीच्या डोसवरही असते. पण हात जोरात थरथरू लागले, चालताना तोल जातोय, बोलणं जड झालंय, उलट्या-जुलाब आणि गुंगी आहे, तर पुढची गोळी न देता डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. ओकारी काढायला लावू नका. कोळशाची पूडही इथे उपयोगाची नाही, ती लिथियमला धरत नाही. गोळ्यांची स्ट्रिप सोबत घ्या आणि कॅज्युअल्टीत पहिल्याच वाक्यात ‘लिथियम चालू आहे, शेवटची गोळी इतक्या वाजता’ असं सांगा. नाही सांगितलंत तर जुलाबाचा साधा रुग्ण म्हणून बघतील, लेव्हल पाठवायची राहील आणि पोटात दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शनही दिलं जाईल.